मागच्या सीटवरचं हेल्मेट

नांदेडचा पूल ओलांडताना खाली गोदावरी असणार असं मी धरून चाललो, कारण दिसत काहीच नव्हतं. जानेवारीतलं धुकं पाण्यावरून उठून कठड्यापर्यंत आलं होतं आणि माझी मोटारसायकल सायीतून चालल्यासारखी दबक्या आवाजात चालली होती. मागच्या सीटवर दोरीच्या जाळीत एक नवंकोरं लाल हेल्मेट बांधलेलं होतं. ते मी बायकोसाठी घेतलं होतं, आणि ती ते घालणार नाही हे तिने फोनवर आधीच सांगितलं होतं.

"परीक्षा पास झालात ते बेस झालं," मंदा म्हणाली होती. "पण मी गाडीवर बसायची न्हाई. आदीच सांगून ठेवते."

तरी मी हेल्मेट घेऊन निघालो. जित्याची खोड, दुसरं काय!

नमनाला घडाभर तेल घालत नाही, पण एवढं सांगायलाच हवं. मी नांदेडला शाळेत चित्रकला शिकवतो; मंदा लेकीसाठी लातूरला राहते आणि मी तिकडेच निघालो होतो. दिवाळीच्या सुटीत पुण्याला जाऊन मोटारसायकल चालवण्याचं वरच्या पातळीचं शिक्षण घेतलं आणि त्याची परीक्षाही दिली. या परीक्षेत परीक्षक आपल्या मागून दुसऱ्या गाडीवर येत असतो आणि आपला आवाज त्याच्या कानात जात असतो. रस्त्यावर जे दिसेल ते आपण मोठ्याने बोलत जायचं. 'डावीकडून रिक्षा निघतेय, वेग कमी करतो. वळणापलीकडचं दिसत नाही, मधे सरकतो.' मी काठावर पास झालो. निकाल सांगताना परीक्षक म्हणाले, "सर, तुम्ही चित्रकार, तुम्हाला दिसतं खूप. पण तुम्ही दिसलेलं सांगता. येणारं सांगायला शिका. पास झालात, म्हणजे आता शिकायला हरकत नाही."

आता मंदाचं. तिचं माहेर औशाच्या खालच्या अंगाला, तेरणेच्या काठचं. भूकंपात ते गाव आडवं झालं आणि त्यात तिची आई आणि धाकटी बहीण गेली. ही अंगणात निजली होती म्हणून राहिली. त्याआधी बरेच महिने तिथली जमीन अधूनमधून गुरगुरायची आणि माणसं 'नेहमीचंच आहे' म्हणून कूस बदलायची. आमच्या लग्नानंतर मी तिला एकदाच गाडीवर बसवलं, किक मारली, आणि ती जी सीटवरून उतरली ती कायमची. एस.टी.त ती बसते. 'ती समद्यांला घेऊन हालते,' असं तिचं म्हणणं. मोटारसायकलची गुरगुर मात्र थेट तिच्या एकटीच्या अंगात शिरते.

जुन्या गावाला ती त्यानंतर कधी गेली नाही. एस.टी. नंतर वसवलेल्या नव्या गावापर्यंतच जाते आणि तिथून पुढे तिचे पाय उचलत नाहीत. 'एकदा जाऊन यावं म्हन्ते,' असं मात्र दरवर्षी दसऱ्याच्या सुमाराला तिच्या तोंडून निघतं. तिला माझ्या मागे बसवून तिथवर न्यायचं, एवढीच माझी या प्रवासातली इच्छा होती. पुण्याला जाऊन शिकण्याचं खरं कारणही तेच होतं, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

लोह्यापर्यंत धुकं सोबत होतं. बाजूच्या शेतांत ज्वारीची कणसं नुसती डोकी वर काढून उभी होती. उसाच्या ट्रॉल्या आधी ऐकू यायच्या आणि बऱ्याच वेळाने दिसायच्या. मी हेल्मेटच्या आत बडबडत होतो, 'समोर आवाज आहे, ट्रॉली असणार, डावीकडे राहतो.' परीक्षा संपली तरी हा नेम मी सोडलेला नाही. अशा धुक्यात स्वतःचाच आवाज कुणा दुसऱ्याचा वाटायला लागतो आणि माणूस त्याचं जास्त ऐकतो.

अहमदपूरला ऊन आलं. चहाच्या टपरीसमोर गाडी लावतानाही माझं तोंड चालूच होतं. टपरीवाला हातातली गाळणी तशीच धरून बघत राहिला.

"सायेब, कुनासंगं बोलून ऱ्हायलाव?"

"रस्त्याशी."

"मंग काय म्हन्तो रस्ता?"

"अजून तरी काही म्हणाला नाही."

"म्हनंल की. उदगीरच्या अंगाला गेलाव की म्हनंल." त्याने कपात चहा ओतला आणि मागच्या हेल्मेटकडे हनुवटी केली. "आन ह्ये कुनाचं?"

"बायकोचं."

त्याने रिकामी सीट पाहिली, मग मी आलो त्या रस्त्याकडे मान वळवून पाहिलं. "वाटंत पडल्या का काय?"

चहा फार गोड होता. मी हसता हसता शर्टावर थोडा सांडलासुद्धा.

इथून सरळ चाकूरवरून लातूर जवळ पडतं. पण त्या रस्त्याने मी एस.टी.तून इतक्यांदा गेलोय की डोळे मिटले तरी वळणं मोजता येतील, आणि ओळखीच्या रस्त्यावर माणूस झोपतो. म्हणून मी उदगीरकडे वळलो. मोठा वळसा होता, पण मला दिवसभर कुणी विचारणारं नव्हतं.

रस्ता बोलला तो शिरूर ताजबंदच्या पुढे. एका वळणानंतर डांबरावर लांबवर तूर पसरलेली होती. आमच्याकडे ही रीतच आहे. वाळलेली तूर रस्त्यावर अंथरायची आणि येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांच्या चाकांखाली तिचं खळं करून घ्यायचं. पुण्यात शिकलो होतो की सुट्या, निसरड्या गोष्टीवर चाक घालू नये. म्हणून मी शहाणपणाने बाजूच्या मातीत उतरलो. काळी माती भुसभुशीत निघाली, पुढचं चाक रुतलं आणि म्हैस बसावी तशी गाडी माझ्यासकट हळूच खाली बसली.

झाडाखाली बसलेली एक म्हातारी आणि तिचा नवरा धावत आले.

"अगं बाई! वरनं जायचं टाकून तिकडं काहून शिरलाव?"

"घसरलो असतो, मावशी."

"समदं जग वरनं जाऊन ऱ्हायलंय, तुमीच कसे घसरताव?"

म्हाताऱ्याने गाडी उचलायला हात लावला. काही मोडलं नव्हतं. लाल हेल्मेट त्याने धोतराच्या सोग्याने पुसून दिलं आणि गंभीरपणे म्हणाला, "आता दंड पडंल तुमाला. फेऱ्या मारा."

मग मी त्या तुरीवर फेऱ्या मारल्या. पहिल्या फेरीला मागचं चाक असं काही डुललं की मी दोन्ही पाय खाली टेकवले. दुसऱ्या फेरीला खांदे सैल सोडले. मग माणसाच्या चालीइतक्या संथ वेगाने, मागचा ब्रेक जेमतेम दाबून, क्लच अर्धवट धरून, पाय न टेकवता जायला लागलो. चाकांखाली शेंगा फुटल्याचा बारीक चुरचुराट येत होता. पुण्यात असा सराव शंकू मांडून करतात. इथे शंकूच्या जागी मावशी उभी होती आणि "हिकडं ऱ्हायलं, हिकडनं या" असं बोट दाखवत होती. तो चुरचुराट ऐकत ऐकत मला गुंगी आल्यासारखं झालं. ऊन, तुरीचा वाळका वास, आणि इतकी संथ गाडी की भोवतालचं सगळं थांबूनच राहिलेलं. फेऱ्या किती झाल्या ते तिघांनाही ठाऊक नाही. शेवटी मावशीने मिठात उकडलेल्या ओल्या तुरीच्या शेंगा ओंजळभर दिल्या आणि दंड माफ केला.

उदगीरला जेवलो. खाणावळीचे मालक दारातच उभे होते. "बर्री, बर्री (या, या)," म्हणाले आणि ताट मांडल्यावरच बाकीची चौकशी केली. या बाजूला मराठी बोलता बोलता मधेच कानडी शब्द येतो आणि बोलणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. ज्वारीची कडक भाकरी, पुंडीची (अंबाडीची) आंबट भाजी, शेंगदाण्याची चटणी आणि वर कच्चं तेल. दोन घास जास्तच झाले. मग पुढचा रस्ता पापण्यांवर बसायला लागला, म्हणून देवणीच्या अलीकडे गाडी थांबवली.

तिथे बांधावर एक देवणी बैल उभा होता. अंग पांढरंशुभ्र आणि तोंड तेवढं काळं, नुकतंच शाईत बुडवून काढल्यासारखं. अशाला 'वानेरा' म्हणतात. मी भान हरपून बघत राहिलो. कडेने कुणीतरी म्हणालं, "इकायचा न्हाई."

"घ्यायचा नाही," मी म्हणालो. "नुसता बघतोय."

"मंग बगा. बगायला कुनाची मनाई हाय?" मालक म्हणाला आणि बैलाला माझ्याकडे तोंड करून उभं केलं.

शिरूर अनंतपाळ मागे पडलं तेव्हा ऊन तिरपं झालं होतं. माळावर लांबून शेळ्यांच्या गळ्यातल्या घंटा ऐकू येत होत्या. उजव्या हाताला, जरा मागे, माझी सावली पडली होती आणि तिच्या खांद्यामागे हेल्मेटची गोल सावली डोकावत होती. लातूरच्या वेशीपर्यंत मी दुकटाच होतो.

शनिवारी लातूरच्या शिकवण्यांच्या गल्ल्यांत बाप उतरतात. दहावी झाली की पोराला लातूरला ठेवायचं, सोबत आईने एक खोली घेऊन दोन वर्षं स्वैपाक करायचा, आणि बापाने गावी नोकरी किंवा शेती सांभाळत शनिवारी यायचं, असा आता आमच्या मराठवाड्याचा रिवाजच झालाय. चौकाचौकांत शिकवण्यांच्या पाट्या आणि गुणवंतांचे हसरे फोटो. त्यांच्याखालून पाठीवर पोती वाहावीत तशी दप्तरं घेतलेली, अजिबात न हसणारी पोरं. मंदा इथे आमच्या शीतलसाठी राहते. शीतल बारावीला आहे.

मी गल्लीत शिरलो तो बडबडतच. 'उजवीकडे सायकली, मधे बादली, दारातून कुणी येईल.' पायऱ्यांवर मेथी निवडत बसलेल्या आया हसायला लागल्या.

"मंदाताई," भोकरच्या एक बाई ओरडल्या, "तुमचे शनिवार आले बगा. मंत्र म्हनत आले!"

मंदा बाहेर आली. माझ्या आधी तिला हेल्मेट दिसलं. "हे कशाला आनलाव?"

"असू दे."

शीतलने पुस्तकातून डोकं वर काढलं. "बाबा, तुम्ही पास झालात ना? मग आता कसला सराव?" लातूरच्या हवेत हा प्रश्न अगदी रास्त होता.

"मी पास झालोय हे गाडीच्या पुढच्या चाकाला अजून कळलेलं नाही," मी म्हणालो. ती हसली. त्या खोलीत तिला हसताना मी बऱ्याच दिवसांनी पाहिलं.

मंदा भाकरी थापत होती. थोड्या वेळाने पाठमोरीच म्हणाली, "मगाशी काय पुटपुटत होतात?"

मी सगळं सांगितलं. परीक्षक, कानातला आवाज, येणारं आधी सांगायचं ते. तिचे हात परातीतच थांबले.

"म्हंजे गाडी हालायच्या आदी सांगायचं? कुठं हालनार, कवा हालनार?"

"हो."

तव्यावरची भाकरी करपायला लागली तरी तिचं लक्ष नव्हतं. "त्या येळंला कुनी सांगितलंच न्हाई वो," ती म्हणाली. "सांगितलं असतं तर आईला अन् छोटीला बाहीर घेतलं असतं मी."

इतक्या वर्षांत हे वाक्य तिने कधी उच्चारलं नव्हतं. मी उठून भाकरी उलटवली.

सकाळी शीतल डबा घेऊन शिकवणीच्या परीक्षेला गेली. मंदाने शीतलचाच एक पंजाबी ड्रेस घातला होता. "गावाकडं घ्या, पन सांगत चला," ती म्हणाली. "सांगायचं थांबलाव की मी उतरनार."

"किक मारतोय. आता गुरगुरेल."

गाडी सुरू झाली. मंदाने सीटवर तळहात ठेवला आणि चटका बसल्यासारखा उचलला. पायऱ्यांवरच्या आया मेथी विसरून बघत होत्या. तिने पुन्हा हात ठेवला, या वेळी जरा जास्त वेळ. मग हेल्मेट घालून दोन्हीकडे पाय टाकून बसली. माझ्या खांद्यांवर तिची बोटं इतकी रुतली की हाडांना कळलं.

"क्लच सोडतोय. पुढे सरकणार."

"व्हय."

"गतिरोधक आहे. आधी पुढचं चाक चढेल, मग आपण."

"व्हय."

औसा येईपर्यंत मी आयुष्यात बोललो नव्हतो इतकं बोललो. ब्रेक आधी शब्दांत लागायचा, मग चाकाला. आणि एक गोष्ट माझ्या लक्षात आली: तिला आधी सांगायचं म्हणून मला खरोखरच आधी दिसायला लागलं होतं. पुण्यात जे जमलं नाही ते इथे आपोआप जमत होतं. खांद्यावरची बोटं हळूहळू सैल झाली. मला वाटलं, जिंकलं.

आणि घोडं तिथेच पेंड खायला लागलं. औशाच्या पुढे उजव्या हाताला करडईचं मोठं रान फुललं होतं. पिवळ्यात मधूनच भगवा, आणि त्यावर अजून विरत असलेलं धुकं. मी गप्प झालो. चित्रकाराचा जन्म! मोरीजवळचा खचलेला डांबराचा काठ मला दिसलाच नाही. गाडी दणकन आदळली.

"थांबवा! थांबवा म्हन्ते ना!"

ती उतरली. हेल्मेट काढून माझ्या हातात दिलं आणि चालायला लागली. मी गाडी बंद करून ढकलत तिच्या मागून निघालो. संपलं, असं वाटलं. इतकी वर्षं, ते पुण्याचं शिक्षण, सगळं एका मोरीवर. जवळ जाण्याची माझी छाती नव्हती.

बरंच चालल्यावर ती थांबली. "काय बगत होतात?"

खोटं बोलून उपयोग नव्हता. "करडई."

तिने वळून पाहिलं. बघतच राहिली. श्वास जागेवर आला तिचा.

"लई पिवळी हाय," ती म्हणाली. मग माझ्या हातातलं हेल्मेट घेतलं. "तुमी रस्ता बगा. रंग मी सांगते."

पुढचा प्रवास मी डांबराशिवाय काही न बघता केला, आणि तरी त्या रस्त्याइतकं मला काही आठवत नाही. "डाव्या हाताला करडई. मधी एक निळं घर हाय. दारात म्हातारा, डोक्याला गुलाबी पटका." माझं चालू होतं, "खड्डा आहे, उजवीकडून घेतो." तिचं चालू होतं, "तळ्यात आभाळ पडलंय." दोन आवाज एकमेकांना अडवत नव्हते.

तिचं नवं गाव लागलं. रुंद, सरळ रस्ते आणि एकासारखी एक घरं. इथे तिचे पाय नेहमी थांबत. मी विचारलं, "थांबू?"

"चला पुढं."

जुन्या गावात काही नव्हतं. वेड्या बाभळी, त्यांच्यात दगडांचे ढीग, आणि गुरांनी पाडलेली एक पाऊलवाट. मी गाडी उभी करणार तोच ती म्हणाली, "हितनं डावीकडं घ्या."

डावीकडे गवत होतं. मी वळलो.

"हळू. उतार हाय. ही चावडी. आता गल्ली अरुंद होती, मधोमध चला."

मी तुरीवर चालवली तशी चालवली. क्लच अर्धवट, पाय वर, सुट्या दगडांवरून माणसाच्या चालीने. येणारं आता ती सांगत होती. बाभळीची फांदी बाजूला करावी तशी ती एकेक भिंत बाजूला करत होती. "हितं हौद हाय, पोरं पानी उडिवतात. हा गिरनीचा कोपरा. पुढं दगडाची पायरी हाय, जपून."

पायरी नव्हती. तरी मी गाडी हळू केली.

"थांबा," ती म्हणाली. "घर आलं."

समोर एक कडुनिंब होता, बाकी काही नाही. मंदा उतरली, हेल्मेट काढून त्याच्या बुंध्याशी ठेवलं. मी गाडी बंद केली. ती खाली वाकली आणि तिने तळहात जमिनीवर टेकवला. मघाशी सीटवर ठेवला होता तसाच. बराच वेळ ती तशीच राहिली, कान देऊन.

"गप हाय," ती म्हणाली.

मग ती रडली. मोठ्याने, अंगणात रडावं तशी. मी शेजारी बसलो. निंबाची पानं गळत होती आणि लांबून कुठूनतरी गुरं हाकल्याचा आवाज येत होता. उठताना तिने तोंड पुसलं आणि म्हणाली, "चला. पोरगी डबा संपवून येईल."

दुपारी लातूरहून निघताना मी सवयीने हेल्मेट मागे बांधायला घेतलं.

"ते हितंच ऱ्हाऊ द्या," मंदा म्हणाली, आणि ते आत नेऊन फळीवर, शीतलच्या डब्यांच्या शेजारी ठेवलं.

परतताना चाकूरवरून आलो. अहमदपूरला तोच टपरीवाला. त्याने रिकाम्या सीटकडे पाहिलं. "सापडल्या का?"

"सापडल्या."

"मंग टोपडं कुठंय?"

"त्यांच्याकडेच आहे."

लोह्याच्या पुढे संध्याकाळ झाली. मी बोलत होतोच, पण प्रत्येक वाक्यानंतर थोडी जागा सोडत होतो. गतिरोधकांवर गाडी दोघांची असल्यासारखी चढवत होतो. परीक्षकांचा शब्द आठवला; त्यांना कळवायला हवं की आता कुठे शिकायला लागलोय.

घराचं कुलूप काढतोय तोच फोन वाजला.

"पोचलाव?"

"पोचलो."

"मंग सांगा की, वाटंत काय काय लागलं?"

मी बूट न काढताच खुर्चीत बसलो आणि तिच्या गल्लीतल्या पहिल्या गतिरोधकापासून सुरुवात केली.